देवी काढणे : त्वचेवरील फोड व पुरळ

देवीच्या रोगापासून संरक्षण मिळावे म्हणून त्वचेत लस टोचण्याच्या क्रियेस मराठीत ‘देवी काढणे’ म्हणत. इतर बहुतेक उपचारांनंतर उठणारा पुरळ हा उपद्रव मानला जातो. येथे मात्र फोड उठला नाही, तर लस लागू पडली नाही असे ठरे व ती पुन्हा टोचावी लागे. टोचल्यापासून तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास पुळी दिसे, आठवड्याच्या अखेरीस तीत पाणी भरे, पुढे पू होऊन भोवतालची त्वचा लाल होई. काखेत अवधाण येई, ज्वरही येई. खपली सुमारे तीन आठवड्यांनी गळे. वण जन्मभर राही. खाज विशेष त्रासदायक असे. फोड खाजवलेला हात मुलाने डोळ्यास लावल्यास तेथेही फोड उठे. इसब असलेल्यांत पुरळ अंगभर पसरून क्वचित प्राणघातक ठरे.

हिंदुस्थानात ही लस प्रथम मुंबईस 14 जून 1802 रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस टोचण्यात आली. तिच्या फोडातील द्रव घेऊन इतर मुलांना लस दिली गेली. दंडाकडून दंडाकडे चालणाऱ्या या पद्धतीत आठव्या दिवसाच्या सुमारास मूल परत आणणे आवश्यक असे. दुखऱ्या फोडास पुन्हा शस्त्र लावू देणे आईबापांना नकोसे वाटे. शिवाय परजातीच्या मुलाचा द्रव आणि त्यातून येऊ शकणारा उपदंश, ही भीती होतीच. पुढे वासरांपासून केलेली लस प्रचारात आल्यावर हे आक्षेप मागे पडले.

1880 च्या लसीकरण कायद्याची सक्ती नगरपालिका व छावण्या यांपुरती होती, पोहरादेवीसारखी (ता. मानोरा, जि. वाशिम) खेडी तिच्या कक्षेबाहेर होती. सेवालाल महाराजांच्या (1739–1806) समाधीमुळे पोहरादेवी हे बंजारा समाजाचे तीर्थक्षेत्र असून रामनवमीस तेथे मोठी यात्रा भरते. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ वाहणारा तांडा आठव्या दिवशी त्याच जागी सापडणे कठीणच. बंजाऱ्यांत शीतळेची पूजा रूढ आहे; तथापि पुरळ म्हणजे देवीचे आगमन, ही समजूत एका समाजाची नव्हे. मराठीत रोगाचे नावच देवी आहे. निरोगी मुलाच्या अंगी मुद्दाम देवी आणवणाऱ्याविषयी संशय येणे स्वाभाविक होते, आणि त्यास निव्वळ अंधश्रद्धा म्हणून भागत नाही. ‘देवी डॉक्टरां’चे म्हणणे खरे ठरण्यास वर्षे लागत, फोड व ताप मात्र आठवड्यातच दिसत.

भारतातील अखेरचा रुग्ण मे 1975 मध्ये आढळला. 1977 मध्ये देश व 8 मे 1980 रोजी सर्व जग देवीमुक्त घोषित झाले. त्यानंतर जन्मलेल्यांच्या डाव्या दंडावर जो वण दिसतो, तो क्षयप्रतिबंधक बीसीजी लसीचा होय.