वर्गातील मूल्यमापन : गुणांपलीकडे काय शोधावे?

परीक्षा आणि मूल्यमापन हे शब्द व्यवहारात एकाच अर्थाने वापरले जात असले, तरी त्यांचे प्रयोजन भिन्न आहे. परीक्षा विद्यार्थी कोठे पोहोचला हे सांगते. मूल्यमापनाने तो कोठे अडला आहे, हेही सांगणे अपेक्षित असते. मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये अभ्यासक्रमांच्या संदर्भात असाच भेद मांडला होता. आपल्याकडे तो आकारिक आणि संकलित मूल्यमापन या नावांनी रूढ झाला.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यानंतर २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले. त्यात पहिली-दुसरीसाठी आकारिक मूल्यमापनाला ७० टक्के भार देण्यात आला. सातवी-आठवीपर्यंत तो ४० टक्क्यांवर येतो. निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोटी लेखी चाचणी आणि स्वाध्याय ही त्याची प्रमुख साधने होत.

संविधान तक्ता

चांगल्या चाचणीची सुरुवात प्रश्नांपासून नव्हे, उद्दिष्टांपासून होते. घटकातील कोणत्या भागाला किती गुण आणि ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य यांचा वाटा किती, हे आधी तक्त्यात मांडावे. तसे न केल्यास बहुतेक प्रश्न केवळ स्मरणाचे होतात.

धाराशिव तालुक्यातील येडशीचे उदाहरण घेऊ. हे गाव रामलिंगाच्या देवस्थानामुळे आणि परिसरातील अभयारण्यामुळे परिचित आहे. तेथील वर्गात ‘अभयारण्य कोठे आहे?’ असे विचारल्यास स्मरण तपासले जाईल. ‘घाटातील झाडे तोडली, तर पावसाळ्यात ओढ्याचे पाणी अधिक गढूळ का होईल?’ या प्रश्नाने मात्र मातीची धूप ही संकल्पना खरोखर समजली आहे का, ते कळेल.

चुकीचा अर्थ

४०३ मधून १६८ वजा करावयाचे आहेत. उत्तर २३५. एका मुलाने ३६५ लिहिले, दुसऱ्याने २४५. गुणपत्रकात दोघांनाही शून्य. पहिला प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतो. त्याला हातच्याची कल्पनाच समजलेली नाही. दुसऱ्याला ती समजली आहे, परंतु शतकाचे दहा दशक केल्यावर त्यांतील एक एककाकडे गेला आणि नऊच उरले, हे तो विसरतो. पहिल्याला काड्यांचे गठ्ठे सोडवून पुन्हा शिकवावे लागेल. दुसऱ्याला दोन उदाहरणे पुरतील. म्हणूनच चाचणीनंतर गुणांबरोबर चुकांचीही नोंद ठेवावी. मुलाला केवळ आकडा न सांगता, पुढे काय करावे तेही सांगावे.

प्रश्न कोणाच्या वर्षाचा?

धाराशिव, बीड यांसारख्या जिल्ह्यांत याला आणखी एक बाजू आहे. ऊसतोडीच्या हंगामात अनेक कुटुंबे स्थलांतर करतात आणि त्यांच्यासोबत गेलेली मुले कित्येक महिने वर्गापासून दुरावतात. अशा मुलाच्या वार्षिक परीक्षेतील गुण बहुधा त्याची गैरहजेरी मोजतात, कुवत नव्हे. परतल्यावर पहिल्याच आठवड्यात वाचन, लेखन आणि मूलभूत क्रियांची छोटी तोंडी चाचणी घेतल्यास अध्यापन कोठून सुरू करावे, हे निश्चित करता येते.

२०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीने पाचवी व आठवीत विद्यार्थ्यांना त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना दिली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलून या दोन इयत्तांसाठी वार्षिक परीक्षा आणि अनुत्तीर्णांसाठी पुनर्परीक्षा लागू केली. त्यामुळे वर्गातील छोट्या चाचण्यांचे महत्त्व वाढले आहे. पाचवीच्या अखेरीस नापास ठरणाऱ्या मुलाची अडचण बहुतेकदा तिसरी-चौथीत सुरू झालेली असते. ती तेव्हाच ओळखली गेली, तर वर्ष वाया जाण्याची वेळ टळू शकते. पालकांनीही ‘किती गुण मिळाले?’ याबरोबर ‘काय चुकले आणि का?’ हे शिक्षकांना आवर्जून विचारावे.