वाळवंटात सापडलेलं बोटाचं पेर

  आजचा विषय आहे मानवशास्त्र. नाव जड आहे, पण सुरुवात अगदी लहान वस्तूपासून करू. डावा हात समोर धरा आणि मधल्या बोटाच्या मधल्या पेरावर अंगठा ठेवा. तेवढंच एक हाड, साधारण 3.2 सेंटीमीटर लांबीचं, 2016 मध्ये या देशाच्या उत्तरेला, नफूदच्या वाळवंटात सापडलं. जागेचं नाव अल वुस्ता. सौदी भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले इयाद झल्मूत यांच्या नजरेला ते पडलं.

एका पेरावरून काय कळणार? पुष्कळ कळलं. हाडाचं स्कॅन करून त्याची तुलना आजच्या माणसांच्या, निअँडरथल मानवाच्या आणि वानरांच्या बोटांशी केली गेली. निअँडरथलचं पेर आखूड आणि जाड असतं, हे लांबट आणि सडपातळ होतं. म्हणजे तुमच्याआमच्या जातीचं, होमो सेपियन्सचं. मग हाडातल्या युरेनियमच्या प्रमाणावरून त्याचं वय काढलं, ते निघालं 85 ते 90 हजार वर्षं. हे संशोधन 2018 मध्ये प्रसिद्ध झालं. आफ्रिका आणि त्याला लागून असलेला भूमध्य समुद्राचा पूर्व किनारा सोडला, तर थेट वय मोजलेला आपल्या जातीचा इतका जुना अवशेष तेव्हा दुसरा नव्हता.

हे काम ज्या शाखेत होतं तिला जैविक किंवा शारीरिक मानवशास्त्र म्हणतात. माणसाचं शरीर कसं घडलं, हाडं, दात, रक्त आणि जनुकं काय सांगतात, मुलांची वाढ अन्नपाण्यानुसार कशी बदलते, हे सगळं त्यात येतं. बाकीच्या तीन शाखा आपल्या घरातच भेटतात.

पहिली भाषिक. आपली मुलं सहज म्हणतात, "यल्ला आई, उशीर होतोय!" आपल्याला वाटतं मराठी बिघडलं. पण हिशेब, वकील, तारीख, किल्ला हे शब्द मुळात अरबीच. फारसीच्या वाटेने ते शेकडो वर्षांपूर्वी मराठीत आले आणि घरचे झाले.

दुसरी सामाजिक-सांस्कृतिक. अरबांमध्ये काकाची मुलगी हे पसंतीचं स्थळ मानण्याची जुनी रीत आहे. आपल्याकडे चुलत बहीण म्हणजे सख्खी बहीणच, तिच्याशी लग्नाचा विचारही कुणी करणार नाही. मात्र महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत मामाची मुलगी चालते, नव्हे, तिच्यावर हक्क सांगितला जातो. ऑफिसातल्या सौदी सहकाऱ्याला हे सांगून पाहा. तुम्हाला त्याचं जेवढं नवल वाटतं, तेवढंच त्याला तुमचं वाटेल.

तिसरी पुरातत्त्व, म्हणजे मागे राहिलेल्या वस्तूंवरून माणसापर्यंत पोचणं. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या आणि त्यानंतरच्या शेतकऱ्यांची ती वस्ती. तिथे लहान मुलं गेली की त्यांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत आणि घराच्या जमिनीखालीच पुरत. रांजण आणि घर पुरातत्त्वाने दाखवलं, ते मूल किती वर्षांचं होतं हे हाडांनी आणि दातांनी.

त्याच डेक्कन कॉलेजमध्ये 1939 पासून इरावती कर्वे काम करत होत्या. आपण त्यांना 'युगान्त'च्या लेखिका म्हणून ओळखतो. पण ती त्यांची एक ओळख झाली, त्यांचा मूळ विषय मानवशास्त्र. 1905 साली ब्रह्मदेशात जन्म, तिथल्या इरावती नदीवरून नाव, आणि शिक्षण पुण्या-मुंबईत. पुढे महर्षी कर्व्यांच्या सूनबाई. 1920च्या दशकाच्या अखेरीस त्या डॉक्टरेटसाठी बर्लिनला गेल्या.

तिथे त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, मानवशास्त्राच्या नामांकित संस्थेचे प्रमुख. गोऱ्या युरोपियनांची बुद्धी वरचढ, आणि त्यामुळे त्यांच्या कवटीच्या दोन बाजूंत इतरांपेक्षा जास्त फरक असणार, असा त्यांचा कयास. तो तपासण्याचं काम इरावतीबाईंकडे आलं. त्यांनी 149 कवट्या मोजल्या. कवटीच्या दोन बाजू थोड्याफार असमान असतात, हे खरंच निघालं. पण त्या असमानपणाचा वंशाशी संबंध दिसला नाही. आणि परक्या देशात, गुरूच्या हाताखाली, गुरूचाच कयास चुकीचा ठरवणारा निष्कर्ष या मुलीने प्रबंधात लिहिला.

पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे. नाझींच्या वंशधोरणाला त्याच संस्थेने शास्त्राचा मुलामा दिला. माणसं मोजण्याच्या शास्त्राला लागलेला तो डाग पुसता येत नाही, आणि पुसूही नये. मोजपट्टी तीच होती, फरक तिच्याकडून काय वदवून घ्यायचं यात होता.

महाराष्ट्रात परतल्यावर इरावतीबाईंनीही मोजमापं घेतली. वेगवेगळ्या जातींच्या माणसांची उंची, डोकं, नाक. वि. म. दांडेकरांबरोबरचं त्यांचं त्यावरचं पुस्तक 1951 साली आलं. एका नावाखाली मोडणाऱ्या पोटजाती एकाच मुळातून फुटल्या असं धरून चालता येत नाही, असं त्यांचं मत झालं. नुसत्या नाकाडोळ्यांवरून कुणाचं मूळ ठरवणं आज शास्त्राला पटत नाही. त्यासाठी आता जनुकांचा अभ्यास होतो.

पण आपल्याला? स्थळं पाहताना अजूनही आपण रंग, नाक आणि घारे डोळे बघतोच ना? "त्यांच्यात असेच असतात" हे वाक्य रियाधच्या दिवाणखान्यातही ऐकू येतं. कधी आपल्यातल्याच दुसऱ्या जातीबद्दल, कधी इथे राबणाऱ्या दुसऱ्या देशाच्या कामगारांबद्दल. मुलं ते ऐकत असतात.

म्हणून पुन्हा नफूदकडे जाऊ. त्या पेराच्या आसपास दगडी हत्यारं मिळाली, पाणघोड्याची हाडं मिळाली, गोड्या पाण्यातल्या शंखांचे थर मिळाले. म्हणजे आज जिथे वाळूच्या टेकड्या आहेत तिथे तळं होतं. हवामान बदलत गेलं तसं अरबस्तान अनेकदा हिरवं झालं आणि पुन्हा सुकलं. नफूदमध्येच अलाथार नावाच्या सुकलेल्या तळ्यात, सुमारे 1 लाख 20 हजार वर्षांपूर्वीच्या चिखलात, हत्ती आणि उंटांच्या पावलांसोबत माणसाच्या पावलांचे ठसे सापडले. तिथे हत्यारं नाहीत, शिकारीच्या खुणा नाहीत. माणसं पाण्यापाशी आली, थोडी थांबली आणि पुढे गेली, असा अंदाज आहे.

मग अल वुस्ताचा तो माणूस आपला पूर्वज का? तसं ते हाड सांगत नाही. आफ्रिकेबाहेरच्या आजच्या माणसांची बहुतेक वंशावळ त्यानंतरच्या, सुमारे 50 ते 60 हजार वर्षांपूर्वीच्या स्थलांतराकडे जाते, असं जनुकांवरून दिसतं. त्या तळ्याकाठच्या लोकांचा वंश कदाचित तिथेच संपला असेल. तो माणूस गोरा की काळा, त्याची भाषा कोणती, याबद्दल ते पेर गप्प आहे. एवढंच नक्की, की तो आपल्यासारखाच माणूस होता आणि त्याच्या आधीची कुठली तरी पिढी आफ्रिकेतून चालत इकडे आली होती.

"आपण मूळचे कुठले?" असं मुलांनी विचारलं तर सातारा, सांगली, रत्नागिरी जरूर सांगा. कुलदैवत सांगा, आजोळ सांगा. मग त्यांचं मधलं बोट हातात धरा आणि या पेराची गोष्टही सांगा. हिवाळ्यात हाइलकडे जाणं झालं तर जुब्बाला थांबा. तिथलं कातळावरचं कोरीवकाम 2015 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. ते ज्या डोंगरावर आहे त्याच्या पायथ्याशीही एके काळी तळंच होतं.