कार्बन बाणांची जुळणी

कार्बन बाणांची जुळणी म्हणजे कार्बन तंतू व राळ यांच्या पोकळ नळीला टोक, पिसे आणि नॉक (प्रत्यंचेवर बसणारी खाच) जोडून तिरंदाजीचा बाण तयार करणे.

नळीची निवड

नळीच्या ताठपणाचे माप ‘स्पाइन’ या संज्ञेने ओळखले जाते. २८ इंच अंतरावरील दोन आधारांवर नळी ठेवून तिच्या मध्यभागी १.९४ पौंड (सुमारे ८८० ग्रॅम) वजन टांगतात. नळी अर्धा इंच वाकल्यास स्पाइन ५०० ठरतो. आकडा जितका लहान, तितकी नळी अधिक ताठ. धनुष्याचा जोर, बाणाची लांबी व टोकाचे वजन यांनुसार स्पाइन निवडतात.

साधने व साहित्य

नळी वेगाने फिरणाऱ्या घर्षक चकतीने कापतात. पाइप कटरच्या दाबाने तंतू चिरतात. कार्बनची भुकटी फुप्फुसांना अपायकारक असल्याने मुखपट्टी आवश्यक असते. कापलेली कड पॉलिश पेपरने सपाट करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात. टोक इपॉक्सीने किंवा मंद उष्णतेवर वितळणाऱ्या गोंदाने बसवतात. नळी ज्योतीवर धरल्यास राळ कमकुवत होते. तीन पिसे परस्परांपासून १२० अंशांवर चिकटवण्यासाठी ‘फ्लेचिंग जिग’ हा साचा वापरतात. शेवटी सर्व बाणांचे वजन काट्यावर ताडून पाहतात.

सुरक्षितता

तडा गेलेला बाण सुटताना फुटून त्याचे तुकडे तिरंदाजाच्या हातात घुसू शकतात. म्हणून नेम धरण्यापूर्वी नळी सर्व बाजूंनी हलकेच वाकवून तपासतात. तडतड आवाज आल्यास तो बाण बाद करतात.