भोर घाटातील लोहमार्ग आणि अतिरिक्त शक्तीचा प्रश्न

इंजिनातील काही सिलिंडर बंद ठेवून इंधन वाचविण्याची कल्पना मोटारींच्या संदर्भात वारंवार मांडली जाते. अमेरिकेतील कॅडिलॅक कंपनीने १९८१ मध्ये आठ, सहा वा चार सिलिंडरांवर चालणारे इंजिन बाजारात आणले. ते फार काळ टिकले नाही. जुन्या इंजिनात तर ही युक्ती सहसा फसते. ठिणगी तोडली तरी दट्ट्या फिरतच राहतो आणि घर्षण कायम राहते. परंतु चढापुरती लागणारी शक्ती सपाटीवर का पोसावी, हा मूळ प्रश्न मावळच्या पश्चिम कडेवर एकोणिसाव्या शतकातच उभा राहिला होता.

भोर घाटाचा लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला. त्याची एकूण चढण १८३१ फूट असून तीव्रतम चढ १:३७ आहे. वाफेच्या इंजिनाचा चालक सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या वाफेचे प्रमाण कमी करून सपाटीवर कोळसा वाचवू शकत असे. इंजिनाचे वजन मात्र ओढावेच लागे. म्हणून जादा इंजिने घाटापुरतीच जोडावीत, ही पद्धत रूढ झाली. कर्जतला ‘बँकर’ गाडीमागे लागतात व लोणावळ्याला सुटतात. येथे शक्ती नुसती निजवली जात नाही, तर गाडीपासून खरोखर वेगळी होते. अर्थात सुटलेली इंजिने रिकामी कर्जतला उतरवावी लागतात, त्यांच्यासाठी मार्ग मोकळा ठेवावा लागतो, कर्मचारी अहोरात्र सज्ज लागतात. हा खर्च इंधनाच्या हिशेबात दिसत नाही.

१९२९-३० च्या सुमारास पुण्यापर्यंत विद्युतीकरण झाले आणि हिशेबच पालटला. ‘खेकडा’ म्हणून ओळखल्या गेलेल्या मालवाहू इंजिनांच्या मोटारी उतारावर जनित्राचे काम करीत व वीज तारेत परत जाई. रेल्वेचे स्वतःचे वीजगृह ठाकुर्लीला कोळशावर चालत होते, हे लक्षात घेता या परतीच्या विजेचे मोल कळते. मात्र ती घेणारी दुसरी गाडी त्याच वेळी चढत असली तरच लाभ पुरता मिळे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत एक्सप्रेस हा घाट बँकरविना चढते. तिच्या मोटारी अनेक डब्यांखाली विभागलेल्या आहेत. घाटासाठी लागणारी सारी शक्ती ती सोलापूरपर्यंत सोबत नेते.