उन्हाळ्याची कसोटी : कवठे महांकाळ व शेजारच्या तालुक्यांतील स्वावलंबी ग्रामजीवनाचे प्रयोग

ग्रामीण स्वावलंबनाचा विचार करताना अभ्यासकाची दृष्टी बहुधा सुगीच्या गावावर खिळते. पिकाने भरलेले खळे, बलुतेदारांना मिळणारा धान्याचा वाटा आणि भरलेली पेवे यांवरून गाव आपल्यापुरते परिपूर्ण होते, असा निष्कर्ष काढला जातो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणाऱ्या टापूत मात्र हा निष्कर्ष अपुरा ठरतो. तेथे गावाची खरी परीक्षा चैत्र-वैशाखात होते. सांगली जिल्ह्यातील कवठे महांकाळ, तासगाव, खानापूर, आटपाडी आणि जत या तालुक्यांत गेल्या शतकात जे सामुदायिक प्रयोग झाले, त्यांचे मूल्यमापन उन्हाळ्याच्या निकषावर करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या टापूत वर्षाकाठी पाऊस सामान्यतः ५०० ते ६०० मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि त्याचा मोठा भाग परतीच्या पावसाचा असतो. त्याच जिल्ह्याच्या पश्चिमेस शिराळा तालुक्यात याहून कितीतरी अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडील शेती म्हणूनच प्रामुख्याने शाळूची, बाजरीची आणि हुलगा-मटकीसारख्या कडधान्यांची राहिली. शाळूची काढणी आटोपली की शेतातील काम थांबे. परंतु गावाचे काम थांबत नसे. विहिरींचा गाळ उपसणे, फुटलेल्या ताली बांधून काढणे, नांगरट करून ढेकळे उन्हात तापू देणे, कडब्याच्या गंजी रचणे, घरे शाकारणे ही सर्व उन्हाळी कामे होत. नदीचे पात्र आटल्यावर वाळूत झिरा खणून वाटीवाटीने पाणी भरणे हे बायकांचे काम असे व त्यात दिवसाचा मोठा भाग जाई. याच दिवसांत लग्नसराई आणि गावोगावच्या जत्रा येत. त्यामुळे परगावी गेलेली माणसे काही दिवसांसाठी गावी परतत.

हे परतणे लक्षात घेण्याजोगे आहे. कारण त्यावरून आधीचे जाणे सूचित होते. धनगर मेंढरे घेऊन चाऱ्याच्या शोधात जात. खानापूर-आटपाडीकडील अनेक कुटुंबांनी सोने-चांदी गाळण्याचा व्यवसाय पत्करून देशभर दुकाने थाटली. मुंबईच्या कापडगिरण्यांत सातारा-सांगलीकडील कामगारांची मोठी संख्या होती. उन्हाळ्यात गाव टिकत असे, तो अंशतः गावाबाहेरून येणाऱ्या पैशावर. तेव्हा गावाला स्वतःच्या बळावर वैशाख काढता येईल काय, हा येथील स्वावलंबनाचा मूळ प्रश्न होय.

या प्रश्नाचे पहिले विचारपूर्वक उत्तर औंध संस्थानात शोधले गेले. सुमारे ७२ गावांचे हे संस्थान सलग नव्हते. आटपाडीचा दुष्काळी मुलूख हा त्याचा एक प्रमुख भाग होता. भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये प्रजेला स्वराज्य देण्याचे घोषित केले व १९३९ च्या जानेवारीत नवी घटना अमलात आली. या घटनेस महात्मा गांधींचे मार्गदर्शन लाभले होते. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडमधून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांचा तिच्या उभारणीत मोठा वाटा होता. घटनेचा पाया गावाने निवडलेली पंचायत हा होता आणि तालुका व संस्थान पातळीवरील सभा या पायावर उभ्या केल्या होत्या. शाळा, विहिरी, रस्ते, किरकोळ तंटे हे विषय गावाच्या अखत्यारीत आले. ज्या कामांसाठी पूर्वी कचेरीकडे पाहावे लागे, त्यांचा निर्णय पारावर होऊ लागला.

याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही वसाहत उभी राहिली. गंभीर गुन्ह्यांसाठी शिक्षा भोगणाऱ्या बंद्यांना भिंतींविना, कुटुंबासह, शेती कसत राहू द्यावे, ही तिची कल्पना होती. पुढे १९५७ मध्ये व्ही. शांताराम यांनी काढलेल्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाचे मूळ या प्रयोगात आहे. त्याचे लेखक ग. दि. माडगूळकर हे याच आटपाडी तालुक्यातील माडगूळचे. चित्रपटामुळे प्रयोगाची नैतिक बाजू सर्वज्ञात झाली. आर्थिक बाजू मात्र झाकोळली. ज्या मुलखातून मोकळी माणसे पोटासाठी बाहेर पडत होती, तेथे बंद्यांना जमिनीशी जोडून स्थिर करावयाचे, हे धाडस किती मोठे होते, हे उन्हाळ्याचा विचार केल्याखेरीज उमगत नाही. पळून जाण्यास भिंतीची आडकाठी नव्हती. थांबण्यास मात्र जमीन, विहीर आणि संसार ही तीन कारणे देण्यात आली होती. वसाहत पुढे कारागृह खात्याच्या व्यवस्थेखाली टिकून राहिली. संस्थान मात्र १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले आणि पंचायतींचा प्रयोग दहा वर्षेही न भरता संपला.

औंधने गावाला अधिकार दिला. मजुरीचा प्रश्न शिल्लक राहिला. त्याचे उत्तर कवठे महांकाळला लागून असलेल्या तासगाव तालुक्यात शोधले गेले. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये विसापूर येथे मागेल त्यास काम या तत्त्वाचा प्रयोग झाला. १९७२-७३ च्या दुष्काळात राज्यभर लक्षावधी माणसे दुष्काळी कामांवर आली आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा संमत झाला. पुढे देशपातळीवर २००५ मध्ये झालेल्या कायद्याचे हे पूर्वरूप होय. गावाने पूर्वी उन्हाळ्यात सामुदायिकपणे केलेली तालींची व तळ्यांची कामे आता शासनाच्या हजेरीपटावर आली. हा बदल दुहेरी होता. भुकेल्या माणसास काम मागण्याचा हक्क मिळाला. परंतु कोणते काम हवे, हे ठरविण्याचा गावाचा हक्क मागे पडला. खडी फोडण्याची कामे पुष्कळ निघाली. पाणी अडविणारी कामे त्या मानाने थोडी.

ही विसंगती प्रथम मजुरांनीच जाणली. १९८२ च्या जानेवारीत मुंबईत गिरणी संप सुरू झाला आणि खानापूर तालुक्यातील कामगार गावी परतले. गावात तेव्हा दुष्काळ होता. गावाला आधार देणारा बाहेरचा पैसा अशा रीतीने ऐन गरजेच्या वेळी बंद झाला. दुष्काळी कामावर एकत्र आलेल्या या मंडळींतून मुक्ती संघर्ष चळवळ वाढली व डॉ. भारत पाटणकर यांचे नेतृत्व तिला लाभले. येरळा नदी कोरडी का पडते, याचा शोध घेताना वाळूच्या बेसुमार उपशाकडे लक्ष गेले. बलवडी व तांदुळवाडी या गावांनी वाळूची मर्यादित विक्री स्वतः करून त्या पैशातून व श्रमदानातून त्याच दशकाच्या उत्तरार्धात बळीराजा स्मृती धरण बांधावयास घेतले. अभियंते के. आर. दाते यांच्यासारख्या तज्ज्ञांचे साहाय्य त्यास मिळाले.

धरण आकाराने लहान होते. त्यामागील नियम मात्र मोठा होता. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरागणिक समान द्यावयाचे, भूमिहीनांचाही वाटा मानावयाचा आणि उसास पाणी द्यावयाचे नाही, असे ठरले. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७० नंतरच्या दशकात नायगाव येथून सुरू केलेल्या पाणी पंचायतीनेही माणशी अर्धा एकर या मापाने पाणी वाटून हाच विचार मांडला होता. दोन्ही ठिकाणी पाण्याचा हक्क सातबाऱ्यापासून वेगळा काढून माणसाशी जोडला गेला. पंचायतीचा अधिकार आणि कामाचा हक्क यांच्या जोडीस येथे प्रथमच साधनाच्या वाटपाचा नियम आला. १९९३ पासून आटपाडी येथे नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने भरू लागलेल्या पाणी परिषदांनी या मागणीस तेरा दुष्काळी तालुक्यांचे व्यासपीठ दिले.

कवठे महांकाळच्या वाट्यास हा प्रश्न निराळ्या रूपाने आला. म्हैसाळ येथे कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने वर उचलून या तालुक्यात आणले गेले. द्राक्षबागा विस्तारल्या आणि बेदाण्याची शेड हे उन्हाळ्यापूर्वीच्या दिवसांचे नित्य दृश्य झाले. द्राक्षवेलीची खरड छाटणी साधारण एप्रिलमध्ये होते व पुढील वर्षाची काडी त्यानंतर तयार होते. म्हणजे जुन्या शाळूचे शेत ज्या महिन्यांत विश्रांती घेई, त्याच महिन्यांत बागेस पाणी अत्यावश्यक असते. ज्याच्यापाशी खोल कूपनलिका वा टँकरचा पैसा आहे, तो बाग राखतो. इतरांस ते जमत नाही. पंपांची वीज आणि पाणीपट्टी यांवर आवर्तन अवलंबून असल्याने उन्हाळ्याची दोरी पुन्हा गावाबाहेर गेली. २०१३ च्या सुमाराच्या दुष्काळानंतर अग्रणी नदीच्या पात्रात गाळ काढणे, बंधारे दुरुस्त करणे ही कामे ग्रामस्थ, शासन आणि जल बिरादरी यांनी मिळून केली. उन्हाळ्यातील सामुदायिक श्रमाची जुनी रीत या कामांत पुन्हा दिसली. तथापि अडलेले पाणी कोणी किती उपसावे, हा नियम श्रमदानाने आपोआप सिद्ध होत नाही.

या क्रमावरून एक गोष्ट स्पष्ट होते. प्रत्येक प्रयोगाने स्वावलंबनाचे एकेक अंग पुरविले : औंधने निर्णयाचा अधिकार, स्वतंत्रपुराने विश्वासावर दिलेली जमीन, विसापूरने काम, बळीराजा धरणाने समान वाटा. यांपैकी एकही अंग एकटे पुरेसे ठरले नाही. स्वयंपूर्ण ग्राम ही भूतकाळात होऊन गेलेली व आता हरवलेली अवस्था नव्हे. टंचाईच्या महिन्यांत पुनःपुन्हा करावा लागणारा तो करार आहे. म्हणून या टापूच्या इतिहासाची साधने शोधताना पीकपाहणीच्या जोडीस पंचायतीचे उन्हाळी ठराव, हजेरीपट, टँकरच्या नोंदी आणि पाणीवाटपाच्या वह्या यांना अभ्यासकाने तेवढेच महत्त्व द्यावयास हवे. विहीर तळास गेली असता कोणाची पाळी आधी धरली गेली आणि कोणाला गाव सोडावे लागले, हे त्या कागदांतूनच कळू शकेल.