झायडलिट्स, फ्रीड्रिख व्हिल्हेल्म फोन

(३ फेब्रुवारी १७२१ – नोव्हेंबर १७७३). प्रशियाचा घोडदळ सेनापती. दुसऱ्या फ्रीड्रिखच्या (फ्रीड्रिख द ग्रेट) कारकीर्दीतील सर्वांत नामांकित स्वार-अधिकारी. जन्म ऱ्हाइन नदीजवळील कालकार येथे. वडील घोडदळात अधिकारी होते; ते लवकर वारल्याने घरची स्थिती बेताचीच राहिली. तेराव्या-चौदाव्या वर्षी तो ब्रांडेनबुर्ख-श्वेट येथील मार्कग्राफच्या पदरी हुजऱ्या म्हणून लागला. हा सरदार अचाट धाडसांसाठी कुप्रसिद्ध होता. फिरत्या पवनचक्कीच्या पात्यांमधून घोडा काढण्याचा खेळ झायडलिट्स त्याच्याकडेच शिकला, असे चरित्रकार सांगतात. त्याच्याविषयीच्या अशा बऱ्याच आख्यायिका मृत्यूनंतर लिहिलेल्या चरित्रांतून, विशेषतः फार्नहागेन फोन एन्झे याच्या १८३४च्या ग्रंथातून, पसरल्या. त्या जपूनच स्वीकाराव्यात.

१७४०मध्ये तो मार्कग्राफच्याच चिलखती घोडदळाच्या रेजिमेंटमध्ये कॉर्नेट, म्हणजे निशाणधारी कनिष्ठ अधिकारी झाला. १७४२मध्ये सायलीशियातील क्रानोवित्स या खेड्यात मूठभर स्वारांनिशी लढताना तो ऑस्ट्रियनांच्या हाती सापडला. कैद्यांच्या अदलाबदलीत सुटका झाल्यावर राजाने त्याला हुसार, म्हणजे हलक्या घोडदळात, कप्तान केले. होहेनफ्रीडबेर्खच्या लढाईत (४ जून १७४५) त्याने एका सॅक्सन सेनापतीला कैद केले आणि वयाच्या चोविसाव्या वर्षी मेजरपद मिळवले.

फ्रीड्रिखला वडिलांकडून मिळालेले पायदळ उत्कृष्ट होते, घोडदळ मात्र कुचकामी. धिप्पाड माणसे, अवजड घोडी, संथ चाल आणि खोगिरावरून पिस्तुले झाडण्याची सवय असा तो कारभार होता. मोलवित्स येथे (१० एप्रिल १७४१) ऑस्ट्रियन स्वारांनी त्याची दाणादाण उडवली व खुद्द राजाला रणांगण सोडावे लागले. पुढील दहा-बारा वर्षे सुधारणांची. गोळीबार बंद करून तलवारीने भिडायचे, हल्ला होण्याची वाट न पाहता आपणच तो करायचा आणि उभे राहून मार खाणाऱ्या अधिकाऱ्याला अपमानित करून काढून टाकायचे, असे हुकूम निघाले. चालून जाण्याचे अंतर वाढत वाढत १७५५च्या सुमारास अठराशे पावलांवर गेले. आरंभी दुडकी, मग चौखूर, शेवटच्या टप्प्यात भरधाव. हे नियम राजाचे. पण ते प्रत्यक्षात उतरवण्याचे बरेचसे श्रेय झायडलिट्सकडे जाते. १७५३पासून सायलीशियातील ओलाऊ (आता पोलंडमध्ये) येथील आठव्या क्युरासिए (चिलखती स्वारांच्या) रेजिमेंटचे नेतृत्व त्याच्याकडे होते. तिथे तो स्वारांना कवाईतीच्या सपाट मैदानाऐवजी नांगरटीतून, चरांवरून, उतारांवरून दौडवी. अपघातांत माणसे दगावतात अशी राजाने तक्रार केली, तेव्हा चार माना मोडल्या म्हणून हळहळलात तर रणात धीट स्वार मिळणार नाहीत, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले म्हणतात.

सप्तवार्षिक युद्धात (१७५६–६३) कोलीनच्या पराभवातही (१८ जून १७५७) त्याच्या ब्रिगेडने चांगली झुंज दिली. दोन दिवसांनी तो मेजर जनरल झाला. १९ सप्टेंबर १७५७ रोजी गोठा येथे दोन हजारांहून कमी स्वारांनिशी त्याने फ्रेंच सेनापती सुबीझच्या कित्येक पट मोठ्या फौजेला हुसकावले. रांगा विरळ पसरून मागे मोठे सैन्य असल्याचा आभास त्याने निर्माण केला होता. गढीतील भोजनाची ताटे तशीच टाकून सेनापती निघाले. हाती सैनिक थोडे लागले. आचारी, चाकर आणि केशरचनाकारच जास्त.

रोसबाखची लढाई (५ नोव्हेंबर १७५७) हा त्याच्या कीर्तीचा पाया होय. दोन ज्येष्ठ सेनापतींना डावलून राजाने सारे घोडदळ त्याच्या हाती दिले. फ्रेंच आणि जर्मन साम्राज्याच्या सुमारे ४१ हजार सैन्यासमोर प्रशियाचे २२ हजार होते. प्रशियाच्या डाव्या बगलेला वळसा घालण्यासाठी शत्रू लांबलचक रांगांनी चालला होता. यानुस टेकडीच्या आडोशाने झायडलिट्सने ३८ स्क्वॉड्रन, म्हणजे जवळजवळ चार हजार स्वार, समांतर नेले आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास रांगांच्या तोंडावरच घातले. तोंडातला चिलीमवजा पाइप हवेत भिरकावून त्याने इशारा दिला, ही गोष्ट चित्रकारांची फार लाडकी. लष्करीदृष्ट्या महत्त्वाचे ते त्यानंतरचे. पहिल्या धडकेत शत्रूचे घोडदळ उधळले की त्याच्या पाठीवर पसरत जाणे, लूट करणे, ही स्वारांची स्वाभाविक खोड. झायडलिट्सने आपली माणसे आवरली, टागेवेर्बेन गावाजवळच्या खोलगटात पुन्हा रांगेत उभी केली आणि पायदळाच्या गोळीबाराने शत्रूचे पायदळ डळमळताच दुसरी धडक दिली. दीड तासाच्या आत लढाई आटोपली. शत्रूचे सुमारे दहा हजार सैनिक ठार, जखमी वा कैद झाले; प्रशियाचे साडेपाचशे ठार वा जखमी. त्याला लेफ्टनंट जनरलपद व काळ्या गरुडाचा किताब मिळाला. जखमी झाल्याने महिनाभराने झालेल्या लॉयटेनच्या लढाईत तो नव्हता.

त्सोर्नडोर्फ (२५ ऑगस्ट १७५८) येथे रशियनांविरुद्ध प्रशियाची डावी बाजू कोलमडली. राजाचे हुकूम येत असूनही झायडलिट्स हलला नाही. लढाईनंतर आपले डोके राजाच्या स्वाधीन आहे, तोवर ते राजाच्याच कामी वापरू द्यावे, असा निरोप त्याने पाठवल्याचे सांगितले जाते. या प्रसंगाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. झाबेर्नग्रुंडची दलदलीची घळ ओलांडून त्याने योग्य क्षणी केलेल्या चढाईने पायदळ वाचले, हे मात्र निर्विवाद. दोन्ही बाजूंची हानी भयंकर झाली. ब्रिटिश वकिलाने अभिनंदन केले तेव्हा राजाने श्रेय झायडलिट्सकडे वळवल्याचे नमूद आहे. त्याच वर्षी होखकिर्खच्या पराभवानंतर माघार सावरण्यात त्याचा व हुसार सेनापती त्सीटेनचा वाटा होता.

कूनेर्सडोर्फ येथे (१२ ऑगस्ट १७५९) तळ्यांमधल्या चिंचोळ्या वाटांतून घोडदळ घालावे लागले. त्यात त्याचा हात जायबंदी झाला आणि प्रशियाच्या फौजेची वाताहत झाली. ऑक्टोबर १७६०मध्ये, पुरता बरा झालेला नसतानाही, बर्लिनच्या बचावात तो उतरला. १७६१मध्ये सॅक्सनीत राजाचा भाऊ प्रिन्स हाइनरिख याच्या हाताखाली रुजू झाला आणि फ्रायबेर्खला (२९ ऑक्टोबर १७६२) त्याने पायदळही चालवले.

१७६३च्या तहानंतर तो सायलीशियातील घोडदळाचा निरीक्षक होता. १७६७मध्ये घोडदळाचा जनरल झाला. इतर प्रांतांतून तरुण अधिकारी शिकायला ओलाऊला येत. राजाशी नंतर त्याचे फारसे जमले नाही, असे म्हटले जाते.

१७६०मध्ये त्याने हाके घराण्यातील तरुणीशी विवाह केला; दोन मुली झाल्या. संसार टिकला नाही.

१७७२मध्ये त्याला अर्धांगवायूचा झटका आला. पुढच्या वर्षी राजा त्याला भेटून गेला. नोव्हेंबर १७७३मध्ये (७ किंवा ८ तारखेस) तो वयाच्या बावन्नाव्या वर्षी वारला. दफन मिंकोव्स्की येथील त्याच्या जमिनीवर झाले. बर्लिनच्या व्हिल्हेल्म चौकात तासार या शिल्पकाराचा संगमरवरी पुतळा १७८०च्या दशकाच्या आरंभी फ्रीड्रिखनेच उभारवला. एकोणिसाव्या शतकात त्या जागी ब्राँझची प्रतिकृती आली. जर्मन नौदलाने एका युद्धनौकेला त्याचे नाव दिले होते. ती १९१६मध्ये जटलंडच्या लढाईत जबर जखमी होऊनही बंदरात परतली व २१ जून १९१९ रोजी स्कापा फ्लो येथे तिच्याच खलाशांनी बुडवली.