निकेलच्या थरांतील अतिसंवाहकता

इ. स. १९११ मध्ये हॉलंडमधील लायडन येथे कामरलिंग ओनस यांनी पारा सुमारे ४.२ केल्विनपर्यंत थंड केला, तेव्हा त्याचा विद्युत् रोध अकस्मात नाहीसा झाला. हीच अतिसंवाहकता. तिचे समाधानकारक विवरण होण्यास १९५७ साल उजाडावे लागले. या अवस्थेत इलेक्ट्रॉन जोडीने वावरतात व त्या दोघांची फिरकी परस्परविरुद्ध असते, असे बार्डीन, कूपर व श्रीफर यांनी दाखविले. चुंबकीय अणू नेमकी हीच जोडी फोडतो. १९५८ मध्ये मॅथियस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लँथॅनममध्ये शेकडा सुमारे एक भाग गॅडोलिनियम मिसळताच अतिसंवाहकता जवळजवळ लोपली. चुंबकीय धातूंच्या वाटेस जाऊ नये, हा संकेत मग रूढ झाला.

या संकेताला एक महत्त्वाचा धक्का मुंबईत बसला, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नागराजन, एल. सी. गुप्ता, चंदन मजुमदार आदी संशोधक निकेल व बोरॉन यांच्या संयुगांचे चुंबकीय गुणधर्म तपासीत होते. यट्रियमयुक्त नमुन्यात १२ केल्विनच्या आसपास अतिसंवाहकतेची पुसट खूण दिसली. नमुन्याचा अगदी थोडा अंशच तसा वागत होता. अशुद्धी म्हणून ती सोडून देणे सोपे होते. त्यांनी तिचा माग काढला. थोडा कार्बन मिसळताच ती खूण ठळक झाली, आणि १९९४ च्या जानेवारीत हा शोध प्रसिद्ध झाला. त्याच महिन्यात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने या कुळातील शुद्ध संयुगांची घडण उलगडली.

ही घडण थरांची आहे. यट्रियम-कार्बनचा एक थर, त्यावर निकेल-बोरॉनचा, असा क्रम चालतो. येथे निकेलचे अणू आपले चुंबकत्व गमावून बसतात. यट्रियमच्या जागी अर्बियम घातल्यास संयुग सुमारे १०.५ केल्विनखाली अतिसंवाहक होते. सुमारे ६ केल्विनखाली अर्बियमची चुंबके शिस्तीत उभी राहतात, तरी अतिसंवाहकता टिकते. विरुद्ध दिशांची चुंबके परस्परांचा प्रभाव पुसतात, आणि इलेक्ट्रॉनांची जोडी एवढ्या अंतरावर पसरलेली असते की तिला बाधा थोडीच पोचते. होल्मियमच्या संयुगात मात्र ५ केल्विनच्या आसपास अतिसंवाहकता क्षीण होते व चुंबकांची मांडणी बदलताच पुन्हा सावरते.

झुरिच येथे १९८६ मध्ये बेडनॉर्झ व म्यूलर यांना तांब्याच्या थरयुक्त ऑक्साइडांत अतिसंवाहकता आढळली होती; त्यांची मूळ संयुगे चुंबकीय क्रमाची निघाली. २००८ मध्ये जपानच्या होसोनो यांनी लोहाच्याच थरयुक्त संयुगात २६ केल्विनला ती दाखविली. ज्याला वैरी मानले, ते चुंबकत्वच या पदार्थांत जोड्या जुळविण्यास साहाय्य करीत असावे, असे आज अनेक संशोधक मानतात.

आपल्या शाळांतून प्रयोगवहीत अपेक्षित उत्तर आधी लिहिले जाते आणि न जुळणारे आकडे खोडले जातात. मुंबईच्या त्या नमुन्यातील पुसट खूण अशाच न जुळणाऱ्या आकड्यांपैकी होती. ती खोडली गेली नाही, एवढ्याचसाठी हा इतिहास विद्यार्थ्यांना सांगण्याजोगा आहे.